सोसायटीच्या पावतीपासून सीव्हीई क्रमांकापर्यंत

ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या, वेब ॲपमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली तर ती कुणाला कळवायची, कशी कळवायची आणि तोवर तोंड कितपत बंद ठेवायचं, यावर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. पण तो सगळा वाचूनही ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीपुढे हा विषय कसा मांडायचा, ते मला उमगलं नव्हतं. जून ते ऑक्टोबर २०२४ या काळात मी या दोन्ही टोकांमधून गेले, म्हणून लिहून ठेवतेय. मी सिक्युरिटीवाली नाही. ऐरोलीत एका कंपनीत टेस्टिंग करते आणि सुरक्षेचं काम आमच्याकडे वेगळी टीम बघते. सोसायटी ज्या ॲपवरून मेंटेनन्सच्या पावत्या देते त्याचं आणि ते बसवणाऱ्या वेंडरचं नाव देत नाही. एकाचं दिलं की दुसरा ओळखू येतो.

आमचा आणि सासूबाईंचा फ्लॅट घोडबंदर रोडच्या एकाच सोसायटीत आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या मेंटेनन्सच्या पावतीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली, ‘जरा व्याज का लावलंय बघ गं’ म्हणून. माझ्या फोनवर माझं लॉगिन चालू होतं, तरी पावती सरळ उघडली. नाव, फ्लॅट क्रमांक, मोबाइल, मागची बाकी, सगळं समोर. लिंकच्या शेवटी नुसता पावतीचा अनुक्रमांक होता. तो एकाने वाढवला तर शेजाऱ्यांची पावती येणार, हे कळायला टेस्टर असावं लागत नाही.

तो आकडा मी बदलून पाहिला नाही आणि तुम्हीही पाहू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं आणि तिथली माहिती उतरवून घेणं, दोन्ही बसतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपला हेतू चांगला होता हे सिद्ध करत फिरण्यापेक्षा त्या वाटेला न जाणं बरं.

त्याऐवजी मी पानाचा सोर्स उघडून पाहिला. वर वेंडरचा लोगो असला तरी आत एका स्टाइलशीटच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलच्या) डोक्यावर मूळ प्रकल्पाचं नाव, आवृत्ती आणि जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची ओळ तशीच राहिली होती. गिटहबवर, म्हणजे असे प्रकल्प आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटवर, तो प्रकल्प मिळाला. आमची आवृत्ती दोनेक वर्षं जुनी होती. लॅपटॉपवर झॅम्प (आपल्याच संगणकावर वेब ॲप चालवण्याचं सॉफ्टवेअर) टाकून मी तीच आवृत्ती बसवली आणि तिच्या बाजूला सगळ्यात ताजीही. ताजी बसवणं महत्त्वाचं, कारण जुन्या आवृत्तीतली त्रुटी कळवली की ‘ती केव्हाच दुरुस्त झाली आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं. दोन खोटे सभासद तयार केले. पहिल्याच्या लॉगिनमधून दुसऱ्याची पावती ताज्या आवृत्तीतही उघडली.

या प्रकाराला आयडॉर म्हणतात. वॉचमन गेटवर तुम्ही सोसायटीतलेच ना एवढं विचारतो, पुढे कुठल्या फ्लॅटचं कुलूप उघडताय ते बघत नाही, तसं हे. सर्व्हर लॉगिन तपासतो, पण मागितलेली वस्तू त्या लॉगिनची आहे का, हे तपासत नाही. वेब ॲपमध्ये नेहमी आढळणाऱ्या धोक्यांची ओवास्प या वेब सुरक्षेवरच्या संस्थेची जी यादी आहे, तिच्या २०२१ च्या आवृत्तीत आयडॉर ज्यात मोडतो तो ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’ हा वर्ग पहिल्या क्रमांकावर आला. २०१७ च्या यादीत तो पाचवा होता आणि पहिलं स्थान इंजेक्शनचं, म्हणजे भरायच्या रकान्यातून डेटाबेसला आपली आज्ञा घुसवण्याचं, होतं. हा बदल मला पटतो. लॅपटॉपवर बसवलेल्या ॲपच्या शोधखिडकीत मी एकेरी अवतरणचिन्ह टाकून पाहिलं, तर काहीही झालं नाही. सगळीकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (लिहिलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा ठेवण्याची पद्धत) नीट वापरली होती. जुन्या रोगावर लोक आता सवयीने औषध घेतात. पण ‘ही पावती याची आहे का’ हा प्रश्न कुठलीही लायब्ररी तुमच्या वतीने विचारत नाही. तो प्रत्येक पानावर माणसालाच आठवणीने लिहावा लागतो.

हात लागलाच होता म्हणून लॅपटॉपवरच्या त्याच ॲपमधली तक्रारपेटीही तपासली. तक्रारीच्या शीर्षकात स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, टाकला, ॲडमिनच्या लॉगिनमधून तक्रारींची यादी उघडली आणि माझी खिडकी टुणकन वर आली. हे स्टोअर्ड एक्सएसएस: साठवलेल्या मजकुरातून दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये आपला कोड चालवणं. सभासदाने लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी त्यातली कोनी चिन्हं निष्प्रभ करायची असतात. हे ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीत त्यासाठी तयार फंक्शन आहे, पण ते या एका पानावर राहून गेलं होतं. त्यात भर म्हणजे सेशनच्या कुकीवर (चालू लॉगिनची खूण ब्राउझरमध्ये ठेवणाऱ्या नोंदीवर) ती स्क्रिप्टला वाचू न देणारा एचटीटीपी-ओन्ली हा शिक्का नव्हता. म्हणजे आत शिरलेल्या स्क्रिप्टला ॲडमिनचं चालू सेशन उचलून बाहेर पाठवता आलं असतं.

आता कळवायचं कुणाला? प्रकल्पात सुरक्षेबद्दल कळवण्याची सूचना देणारी फाइल नव्हती. गिटहबवर खासगीत त्रुटी कळवण्याचं बटण असतं, पण मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, ती सोय चालू केलेली असेल तरच ते दिसतं. इथे नव्हतं. मग कमिट्समध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदींमध्ये) मेंटेनरचा ईमेल शोधला आणि २४ जूनला पहिला मेल पाठवला. कुठली आवृत्ती, कसं घडवून आणायचं त्याच्या पायऱ्या, काय परिणाम होतो, काय बदल सुचवते, एवढंच लिहिलं. सगळे स्क्रीनशॉट लॅपटॉपवरच्या खोट्या सभासदांचे. शेवटी दोन ओळी मुद्दाम टाकल्या: मला पैसे नकोत, आणि ९० दिवस मी याबद्दल जाहीर काही लिहिणार नाही. ९० दिवसांची मुदत गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या त्रुटी शोधणाऱ्या टीममुळे रुळली आहे. पैशांबद्दलची ओळ यासाठी की अशा मेंटेनरांना ‘तुमच्या साइटमध्ये गंभीर त्रुटी आहे, बक्षीस किती द्याल’ छापाचे मेल सारखे येतात. आपला मेल त्यांच्यात जमा होऊ नये.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या सचिवकाकांना भेटले. तोंडी सांगितलं आणि एक पानी पत्रही दिलं. पत्राच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. हा शिक्का पुढे फार कामाला आला, म्हणून सांगते: व्हॉट्सॲप ग्रुपवर असलं काही टाकू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात दोन मागण्या होत्या. दुरुस्ती येईपर्यंत साइटवरची पावतीची सोय बंद ठेवा आणि होस्टिंगच्या सी-पॅनेलमधून ॲक्सेस लॉग (कुणी कुठलं पान मागितलं याच्या नोंदी) आजच उतरवून घ्या. आमच्या होस्टिंगवर महिन्याभरापलीकडचे लॉग राहत नाहीत. लॉग त्यांनी उतरवू दिले. त्यात मी एवढंच शोधत होते की कुणी एकाच आयपीवरून पावत्यांचे क्रमांक ओळीने मागितलेत का. त्या महिन्यात तसं कुणी केलेलं दिसलं नाही. पावतीच्या सोयीबद्दल मात्र ‘कमिटीत घेऊ’ एवढंच उत्तर मिळालं.

मेंटेनरकडून उत्तर नाही. ८ जुलैला, म्हणजे ज्या सोमवारी पहाटेच्या पावसाने लोकल कोलमडल्या आणि आम्ही सगळे घरूनच काम करत होतो, त्या दिवशी आठवणीचा मेल पाठवला. त्यालाही उत्तर नाही. या काळात मन फार विचित्र होतं. आपल्याला माहीत आहे, बाकी कुणाला माहीत नाही आणि कुणाला सांगताही येत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तू कळवलंस ना? मग सोड आता.’ सोडता येत नव्हतं, कारण साइटवर सासूबाईंचाही नंबर होता. मेंटेनर बोललाच नसता तर सर्ट-इन हा पर्याय मी राखून ठेवला होता. २००४ पासून चालू असलेली ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था त्रुटींची माहिती स्वीकारते आणि दोन्ही बाजूंना जोडून देण्याचं कामही करते.

जुलैच्या मध्यावर मी गिटहबवर उघड इश्यू (सगळ्यांना दिसणारी तक्रार) टाकला, पण त्यात त्रुटीचा एक शब्दही लिहिला नाही. ‘सुरक्षेविषयी खासगीत बोलायचं आहे, कुठे लिहू?’ बस. दोन दिवसांत उत्तर आलं. तेव्हा मी ठाणे स्टेशनात दहा नंबर फलाटावर पनवेल गाडीची वाट बघत उभी होते आणि उत्तर वाचण्याच्या नादात समोरची गाडी सुटली. माझे मेल त्याच्या स्पॅममध्ये गेले होते. तो युरोपात कुठेतरी नोकरी करतो आणि रात्री जमेल तसा हा प्रकल्प सांभाळतो. त्याने लगेच खासगी बटण चालू केलं आणि सगळं तिथे पुन्हा भरायला सांगितलं.

या फॉर्ममध्ये दमछाक होते ती तीव्रता ठरवताना. सीव्हीएसएस नावाची गुणपद्धत आहे. हल्ला नेटवर्कवरून होतो का, लॉगिन लागतं का, दुसऱ्या कुणाला काही क्लिक करावं लागतं का, अशा प्रश्नांना उत्तरं देत गेलं की शून्य ते दहामधला एक आकडा निघतो. पावतीच्या त्रुटीला ६.५ आले: साधं लॉगिन पुरतं, गोपनीयतेला मोठा धक्का, पण काही बदलता येत नाही. तक्रारपेटीला ५.४. दोन्ही मध्यम. खरं सांगायचं तर मला दुसरी जास्त भीतीदायक वाटत होती. पण आकडा प्रश्नांच्या उत्तरांतूनच येऊ द्यावा, फुगवू नये. फुगवला की मेंटेनरचा आपल्यावरचा विश्वास उडतो. शिवाय स्वतंत्रपणे दुरुस्त होणाऱ्या प्रत्येक त्रुटीला वेगळा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटीला मिळणारा जगभर चालणारा ओळख क्रमांक), असा नियम असल्याने फॉर्म दोन भरावे लागले.

तिसरा मुद्दा त्याने फेटाळला. ॲडमिनला सोसायटीचा लोगो चढवता येतो आणि तिथे चित्राऐवजी पीएचपी फाइलही, म्हणजे सर्व्हरवर चालू शकणारा कोड, चढते, असं मी कळवलं होतं. तो म्हणाला, ॲडमिन हा विश्वासातलाच माणूस, त्याला सगळेच अधिकार असतात, मग ही त्रुटी कशी? तात्त्विकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे आणि बरेच प्रकल्प हीच भूमिका घेतात. पण ज्या सोसायट्यांमध्ये ॲडमिनचा पासवर्ड इमारतीचं नाव आणि पुढे १२३ असतो, तिथे ‘विश्वासातला माणूस’ ही कल्पना किती टिकते? मला त्याचं म्हणणं आजही पटलेलं नाही. वाद मात्र वाढवला नाही. उरलेल्या दोन कामांसाठी तो रात्री जागत होता.

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, जुलैअखेरीस आला. गिटहबवर दोघांनाच दिसणारी तात्पुरती खासगी प्रत तयार करता येते, तिथे तो तपासला. पावतीचं पान आता अडवत होतं, पण पावतीची पीडीएफ उतरवण्याचा पत्ता वेगळा होता आणि तो तसाच उघडा. हे फार ठिकाणी होतं: पान बंद, पीडीएफ चालू, किंवा दोन्ही बंद आणि मोबाइल ॲपसाठी ठेवलेला मागचा रस्ता चालू. म्हणून दुरुस्तीनंतर तीच माहिती देणारे सगळे रस्ते शोधून काढायचे आणि एकेक ठोठावून बघायचे. तो गंमतीने म्हणाला की अनुक्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक क्रमांक दिले तर प्रश्नच मिटेल. मिटत नाही. तशी लिंकही कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवणारच. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरा पॅच आला आणि तो दोन्ही रस्त्यांवर टिकला.

सीव्हीई क्रमांक मिळवण्याचं मला उगाच दडपण होतं. ही क्रमांकपद्धत १९९९ पासून माइटर ही अमेरिकन संस्था चालवते आणि क्रमांक वाटण्याचे अधिकार अनेक संस्थांना दिलेले आहेत. गिटहब त्यांपैकी एक, सर्ट-इनही. आमच्या बाबतीत मेंटेनरने ‘सीव्हीई मागवा’ हे बटण दाबलं, गिटहबच्या माणसांनी मजकूर तपासला आणि १५ ऑगस्टच्या आसपास दोन क्रमांक आले. फी शून्य. श्रेयात नाव हवं का असं विचारतात. मी टोपणनाव दिलं. आडनाव आणि ठाणे एवढ्यावरून सोसायटी शोधणं आजकाल अवघड नाही.

नवी आवृत्ती आणि दोन्ही त्रुटींची जाहीर सूचना २८ ऑगस्टला निघाली. एनव्हीडी या त्रुटींच्या अमेरिकी सरकारी नोंदवहीत क्रमांक दिसू लागले, तेही विश्लेषणाच्या प्रतीक्षेत. त्या वर्षी फेब्रुवारीपासून त्यांच्याकडे नोंदी तुंबल्याच होत्या. जगाच्या दृष्टीने विषय संपला. आमच्या दृष्टीने मात्र खरा धोका त्या दिवशी सुरू झाला. कारण कुलूप कसं उघडतं हे आता जाहीर होतं आणि आमच्या साइटवर अजून जुनंच कुलूप होतं. त्यात ७ सप्टेंबरला गणपती.

रविवारी, १ सप्टेंबरला कमिटीची बैठक होती. विषयपत्रिकेवर मंडप, वर्गणी, आरतीचा स्पीकर आणि सगळ्यात शेवटी मी. खजिनदारांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘थकबाकीदारांची यादी आपण नोटीस बोर्डावर लावतोच की मॅडम. मग पावती दिसली तर बिघडलं काय?’ मोबाइल नंबर, भाडेकरूंची नावं, गोपनीयता हे सगळं सांगून झालं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही सांगितला, पण त्याचे नियम तेव्हा आलेले नव्हते, त्यामुळे कुणावर त्याचा परिणाम झाला नाही. मग मी लॅपटॉप उघडला. खोट्या सोसायटीत खोट्या सभासदाने तक्रार टाकली, मी ॲडमिन म्हणून यादी उघडली आणि त्या सेशनवरून बिलाच्या साच्यातला बँक खाते क्रमांक बदलून दाखवला. पुढच्या बिलावर नवा क्रमांक छापून आला. खजिनदार खुर्ची ओढून जवळ आले. ‘म्हणजे लोकं मेंटेनन्स दुसऱ्याच्याच खात्यात भरतील?’ हो. ‘आणि बोंब आपल्या नावाने?’ हो. सचिवकाकांनी जूनमधल्या पत्राची आवक तारीख स्वतःच इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितली.

तिथल्या तिथे ठरलं की अपग्रेड होईपर्यंत साइटच बंद ठेवायची. सी-पॅनेलमध्ये एखाद्या फोल्डरला वेगळा पासवर्ड लावण्याची सोय असते, ती अख्ख्या ॲपला लावली. पावत्या ऑफिसातून छापील. खजिनदारांनी गणपतीच्या गर्दीत पावत्या हाताने फाडल्या आणि दर दहा पावत्यांमागे माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

वेंडरची कथा लांब आहे, थोडक्यात सांगते. पहिलं उत्तर: ‘आमचं सॉफ्टवेअर कस्टमाइज्ड आहे, ओपन सोर्स नाही.’ स्टाइलशीटमधली जीपीएलची ओळ दाखवल्यावर सूर बदलला. या परवान्यात सॉफ्टवेअर ज्याला दिलं त्याला मूळ कोड मागण्याचा हक्क असतो आणि आमचं ॲप सोसायटीच्याच होस्टिंग खात्यावर बसवलेलं होतं. मग अपग्रेडचं कोटेशन आलं: १८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) चालू असताना सुरक्षेच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे का, यावर अनंत चतुर्दशीनंतर बरीच फोनाफोनी झाली आणि ९,००० अधिक जीएसटी, म्हणजे १०,६२० वर गाडी थांबली. पूर्ण फुकट झालं नाही, कारण त्यांनी बिलावरची मराठी नावं आणि सिंकिंग फंडाचा रकाना थेट मूळ फाइलींमध्ये घुसवला होता. नवी आवृत्ती टाकली की ते पुसलं जाणार, म्हणून प्रत्येक बदल शोधून परत लावायचं काम खरंच होतं. तुमच्या वेंडरला पहिल्या दिवसापासून सांगा, मूळ फाइलींना हात लावायचा नाही.

अपग्रेड शनिवारी, २८ सप्टेंबरच्या रात्री झालं. त्याआधी फाइली आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो सचिवकाकांच्या कपाटात ठेवला. नुसता फाइलींचा बॅकअप घेऊन निर्धास्त बसलेली माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत. आधी वेगळ्या सबडोमेनवर सगळं बसवून सप्टेंबरची दहा-बारा बिलं जुन्यांशी ताडून पाहिली. व्याज एका बिलात चुकत होतं, ते वेंडरच्या मुलाने तिथेच सुधारलं. नंतर मी सोसायटीच्या लेटरहेडवर परवानगीचं पत्र मागितलं: कुठली साइट, कुठल्या तारखेला, कुठल्या दोन लॉगिनमधून, काय तपासायचं. काका म्हणाले, ‘अगं, तू घरचीच, तुला कशाला पत्र?’ तरी घेतलं. दोन्ही त्रुटी बंद झाल्या होत्या. त्याच बैठकीत सगळ्या ॲडमिनचे पासवर्ड बदलले आणि कधीच सोसायटी सोडून गेलेल्या एका माजी खजिनदारांचं लॉगिन बंद केलं.

ऑक्टोबरमध्ये एएमसीचं नूतनीकरण होतं. करारात आम्ही तीन ओळी घातल्या: मूळ प्रकल्पाचं नाव आणि चालू आवृत्ती दर बिलावर लिहायची, सुरक्षेची आवृत्ती निघाल्यापासून पंधरा दिवसांत ती जादा शुल्काशिवाय बसवायची, होस्टिंगचा आणि डोमेनचा मुख्य पासवर्ड सोसायटीकडे राहील. वेंडरने पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीवर तो अडून बसला, म्हणून आम्ही डोमेन सोसायटीच्या ईमेलवर आधी हलवून घेतलं आणि मग सही केली. त्याच्याकडे ठाणे-कळव्यातल्या आणखी सोसायट्याही हेच ॲप वापरतात. त्यांना कळवलंत का, असं विचारलं तर ‘हळूहळू करतोय’ म्हणाला. तुमच्या सोसायटीची पावती साइटवरून येत असेल तर पानाच्या सोर्समध्ये मूळ प्रकल्पाचं नाव आणि आवृत्ती शोधा, ती गिटहबच्या सिक्युरिटी टॅबमधल्या सूचनांशी जुळवून बघा आणि जुनी निघाली तर सचिवांना पत्र द्या. माझ्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मागा, नावं गाळून पाठवते.